काचेची पट्टी

कन्हानचा पूल ओलांडला की शलमोन मिस्त्री गप्प होतात.
स्कूटरवर माझ्या मागे, मांडीवर पिशवी,
पिशवीत ओळंबा, फुटपट्टी, प्लास्टरची पुडी
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार काचा.
मनसरच्या अलीकडे डावीकडे वळलो.
रस्ता काळा होत गेला,
डांबरानं नाही, मँगनीजनं.

आमच्या फायलीत देऊळ असं आहे:
'हेमाडपंती, भग्न, तेरावं शतक (?)'
प्रश्नचिन्ह माझ्या आधीच्या आरेखकाचं.
पाच वर्षांत मी ते खोडलेलं नाही.
शिखर नाही. सोळातले सात खांब उभे.
गाभाऱ्यात वटवाघळं, आणि एक चौकोनी खळगा
जिथून देव कुणी उचलून नेला
किंवा तो आपला आपण उठून गेला.

मिस्त्री चपला बाहेर काढतात.
सदरला रविवारी जातात त्या चर्चलाही ते देऊळच म्हणतात.
नखानं सांधा चाचपतात. चुना नाही, माती नाही,
दगडावर नुसता दगड.
"बघा बाई, पोस्टकार्ड जायचं नाही आत.
माझ्या नावाच्या राजानंही एक देऊळ बांधलं होतं.
दगड खाणीतच घडवून आणले,
बांधताना हातोड्याचा आवाज नाही.
आजी सांगायची."
मग जरा थांबून,
"म्हणजे खाण तिथंही होतीच."

मार्गशीर्षात उत्तरेच्या भिंतीत भेग दिसली
तेव्हा तिच्यावर आडवी काच बसवली होती आम्ही.
दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये, मधे तारीख.
भिंत हलली की काच तुटते.
एवढंच यंत्र. बोलतं ते एकदाच.

आता वैशाखात आलो, तर आमची काच नव्हती.
बांगड्या होत्या.
हिरवी, लाल, सोनेरी ठिपक्यांची, परत हिरवी,
तुकडे शेणामातीत रुतवलेले,
भेगेवर आडवे, खालून वर
शिडीच्या पायऱ्यांसारखे.

शेळ्यांमागून जैवंताबाई उईके आल्या.
"मीनंच लावल्या जी. तुमची तं संक्रांतीलेच फुटली.
तीन वाजता भोंगा होते, मंग धडाका, मंग भिताड हालते.
तुमी म्हनलं होतं, फुटली तं सांगजा.
कोनाले सांगू? फोन लागे ना.
मंग आपली लावली.
ते फुटली, मंग दुसरी."

मोजल्या. अकरा.
दहा मधोमध तुटलेल्या,
सगळ्यांत वरची तेवढी अख्खी.
तारखा? मी वही उघडून विचारलं.
त्या एकेकीवर बोट ठेवत गेल्या.
"हे शेळी याली तवाची. हे मोहा फुलला तवाची.
हे लेकीच्या लग्नातली, नवीकोरी होती,
दोन दिसात गेली."
'दिनांक' असा छापील रकाना.
मी त्यात लिहीत गेले:
शेळी व्याली. मोह फुलला. लेकीचं लग्न.

तीनला पाच कमी होते.
मिस्त्रींनी पिशवीतून काच काढली,
वरच्या बांगडीकडे पाहिलं,
काच पुन्हा कागदात गुंडाळली.
भोंगा झाला. शेळ्या न सांगता मंडपाबाहेर गेल्या.
आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून उभे,
मिस्त्रींची टोपी हातात.

ते आधी पायांना कळलं, कानांना मग.
वटवाघळं उठली. भेगेतून चिमूटभर धूळ गळली
आणि एक बारीक आवाज,
भातातला खडा दाताखाली यावा तसा.

लगेच कुणी वर पाहिलं नाही.
जैवंताबाईंनी हात पुढे धरून
उरलेल्या मोजल्या.
डाव्यात तीन. उजव्यात दोन.

परतताना पुलाच्या आधी मिस्त्री बोलले,
एरवी तिथं ते बोलत नाहीत.
"कामठीला थांबू या का? कासाराचं दुकान उघडं असेल.
फक्त माप विचारायचं राहिलं."
"सव्वादोन," मी म्हटलं.